वरच्या चौकटीतली चाल

४ जानेवारी

मामाला वाकून नमस्कार, आणि लगेच कान पकडून एक प्रश्न.

"जुनी भट्टी" म्हणजे तूच ना? खोटं बोलू नकोस. काल जेवणाच्या सुटीत लाँड्रीच्या जिन्यात बसून मी फोनवर गेमची क्रमवारी वर-खाली सरकवत होते. पहिल्या पाचशेत हे नाव दिसलं. उघडून बघते तर संघात सहा प्राणी, त्यातले पाच आगवाले, आणि सगळ्यांच्या पुढे धगड्या! असला वेडेपणा करणारा माणूस जगात एकच असू शकतो आणि तो माझ्या आईचा भाऊ आहे. मांडीवरचा डबाच कलंडला माझ्या.

आई गेली तेव्हा महिनाभर तुझ्या खोलीत राहिले होते. जाताना माझा जुना गेम, माझ्या संघासकट, तुझ्याकडे ठेवला, तुला विरंगुळा म्हणून. मला वाटलं होतं तू तो फळीवर टाकून विसरशील. सहा वर्षं गुपचूप खेळतोयस आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस!

आता माझं ऐक. जूनमध्ये निवड स्पर्धा आहे. सोळा जण खेळणार, त्यातल्या चौघांना एका प्रशिक्षण केंद्रात वर्षभर ठेवून घेणार. राहायला खोली, पगार, आणि काम काय, तर फक्त खेळायचं. मला त्या चौघांत यायचंच आहे. हौस म्हणून नाही, मामा. माझं उजवं मनगट गेलंय. दिवसभर वाफेच्या इस्त्रीचा दांडा ओढायचा, संध्याकाळी चमचा धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, हे काम सोड. सोडून करू काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

मीही आगवालेच खेळते, तुझ्याच घरात सवय लागली. पण सगळे म्हणतात, आगवाले स्पर्धेत टिकत नाहीत. गवत, बर्फ, किडे, लोखंड यांच्यापुढे वाघ. पाणी, माती, दगड यांच्यापुढे मांजर. त्यात समोरच्याने मैदानात दगड पसरले की आगवाला आत पाऊल टाकताना दर वेळी पाव जीव गमावतो. दोनदा आत-बाहेर केलं की अर्धा मेलाच. मग तू कसा जिंकतोस? सविस्तर लिही. फोन करणार होते, पण भट्टीच्या पंख्यांनी तुझ्या कानांची वाट लावलीय, फोनवर तू नुसता "हो हो" करतोस.

तुझी टिंगू

१५ जानेवारी

टिंगूबाई, आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागायचे नसतात.

पकडलंस. हो, मीच तो. आता गावभर करू नकोस. छप्पन्न वर्षांचा घोडा भुताप्रेतांच्या मारामाऱ्या खेळतो हे कारखान्यात कळलं तर पाळीतले लोक जीव नकोसा करतील. फक्त तात्यांना माहीत आहे. तात्या, आमचे साचेवाले, तू त्यांना बघितलंयस. मी भट्टीतून नळीच्या टोकावर तापल्या काचेचा गोळा काढतो, ते साचा उघडून बसतात, मी गोळा आत सोडतो, ते साचा मिटतात. एकतीस वर्षं आमचा हा संसार चाललाय.

कसा जिंकतो विचारतेस. मला काय ठाऊक? मारतो आणि मार खातो. धगड्या मला आवडतो कारण तो पडद्यावर लालभडक दिसतो. बाकीचे ते निळे-हिरवे मला सगळे सारखेच.

हे पत्र मार्करने लिहितोय, खोक्यांवर आकडे टाकायचा तो. कागदावर चारच ओळी मावतात म्हणून एवढे कागद लागले, हसू नकोस. आणि तू जरा मोठं अक्षर काढ गं. कागदावर मुंग्या सोडल्यासारखं लिहितेस. दुपारच्या उन्हात पायरीवर बसून भिंग लावून वाचलं, तेव्हा कुठे संपलं.

मनगटाला गरम पाण्याचा शेक दे. तुझी आईही असंच दुखणं अंगावर काढायची. घराणंच तसलं आपलं.

मामा

२ फेब्रुवारी

मामा,

बघ, किती मोठं अक्षर काढलंय. आता तक्रार केलीस तर याद राख.

तुझ्या चाळीस लढती पाहिल्या. या खेळात प्रत्येक लढत साठवलेली असते, कुणालाही पुन्हा लावून बघता येते. तुला हे माहीतही नसेल. मी एकेक लढत वहीत उतरवून काढली. चाळीसपैकी एकतीस जिंकलायस, आणि त्या एकतीसही एकाच पद्धतीने!

तू बदली करतच नाहीस. एकदाही नाही. समोर पाण्याचा प्राणी आला की कुणीही शहाणा माणूस आगवाल्याला मागे घेतो आणि दुसऱ्याला पुढे करतो. समोरच्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून त्या फेरीत तो हल्ला करत नाही. निवांत दगड पसरतो, किंवा येणाऱ्या नव्या प्राण्याची तयारी करतो. आणि तू जागचा हलतच नाहीस! सरळ भडका मारतोस. तोच तो, चार हल्ल्यांच्या चार चौकटींतल्या वरच्या चौकटीतला, सगळ्यात जोरकस, ज्यात मारणाऱ्याचाही बराच जीव जळतो. समोरचा गाफील सापडतो. त्याची एक फेरी फुकट जाते आणि पुढच्या भडक्याला तो आडवा होतो.

तुला कळतंय का तू काय शोधून काढलंयस? आगवाल्यांचं खरं दुखणं पाणी नाहीच. खरं दुखणं ही ये-जा आहे. पळण्यात जेवढा जीव जातो तेवढा भिडण्यात जात नाही. मी दगडांचा हिशेब मांडून पाहिला, तंतोतंत जुळतो. मी वर्षानुवर्षं खेळतेय, मला हे सुचलं नाही.

वहीत मी याचं नाव लिहिलंय, "मामाची चाल". एवढं डोकं आपल्या घरात होतं आणि आजोबा तुला सगळ्यांदेखत "काचेचा हमाल" म्हणायचे! आज असते तर मी त्यांना ही वही नेऊन दाखवली असती.

तुझी टिंगू

१४ फेब्रुवारी

टिंगू,

वही दाखवायची भाषा ऐकून मला खुदकन हसू आलं. आजोबांनी वही बाजूला सारून तुलाच विचारलं असतं, लग्नाचं काय.

अगं बाई, कसली चाल आणि कसलं काय. खरं सांगू? त्या चार चौकटींत काय लिहिलंय ते मी वाचतच नाही. मी आपलं वरचं दाबतो. ते बदलीचं बटण कुठे असतं हेसुद्धा मला सांगता यायचं नाही. लाल दिसलं की आपला, दुसरं काही हललं की तो शत्रू. संपलं माझं शास्त्र.

कामावरही हल्ली तसंच आहे. साचा उघडला की तात्या खालच्या लोखंडी पत्र्यावर चिमटा आपटतात, दोनदा. बुटातून पायाला कळतं. तेवढ्यावर मी गोळा सोडतो, बघायचं काम नाही. तात्या म्हणतात, तू आता पायांनी काच काढतोस.

तेव्हा माझ्या नादाला लागू नकोस. तू तुझ्या डोक्याने खेळ.

मामा

२५ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा वही पुढे ओढली. तिसऱ्यांदा उठून मार्कर विकत आणला.

"त्या चार चौकटींत काय लिहिलंय ते मी वाचतच नाही." अरे, आम्ही वाचतच बसतो ना! समोरचा काय करेल, मी काय करावं, मी असं केलं तर तो काय करेल. डोक्याचा भुगा होतो. तू ते सगळं टाकून दिलंयस. आणि तात्यांचं ते चिमट्याचं! एकतीस वर्षं एकच काम केल्यावर माणसाचा हात असा होत असेल, डोळ्यांची गरजच उरत नसेल. मी इस्त्रीवर सात वर्षं आहे, मला अजून चुण्या मोजाव्या लागतात.

तुझं वाक्य तुझ्यासारख्याच ढब्ब्या अक्षरात लिहून पलंगाच्या वर भिंतीला चिकटवलंय. वसतिगृहातली शेजारच्या पलंगावरची घडीवाली, लाँड्रीत घड्या घालते ती, विचारते, ही कसली दुकानाची पाटी? मी म्हटलं, आमच्या मामाचं दुकान आहे.

गेल्या आठवड्यात तुझ्या चालीने नऊ लढती खेळले. सात जिंकले. पहिल्या साठांत आलेय, मामा! आजवर कधी शंभराच्या आत पाय पडला नव्हता.

पण एक खरं सांग. तू विनय म्हणून स्वतःची थट्टा करतोस हे मला कळतं. तरी विचारते, मी बरोबर समजलेय ना? नसेन तर आत्ताच सांग. माझी आधीची खेळायची पद्धत आहे, तिच्यावर मेहनत घ्यायला अजून तीन महिने आहेत. तू "नाही" म्हणालास तर मला मुळीच राग येणार नाही.

टिंगू

१२ मार्च

टिंगू,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आठवडाभर शर्टाच्या खिशात घेऊन हिंडत होतो. तात्या म्हणतात, काय ते एकदाचं लिहून टाक. त्यांचं ते जाऊ दे, त्यांना सगळ्यात घाई.

बरोबर ओळखलंस. न बघता खेळायचं. बघणारा माणूस घाबरतो.

एवढी वर्षं हे मला कुणी विचारलं नाही म्हणून मी बोललो नाही. तू विचारलंस. भिंतीवरचा कागद नीट चिकटव, पडायला नको.

इथे सगळं ठीक. डोळ्यांत जरा धूर जातो हल्ली, बाकी मजेत.

मामा

९ मे

मामा!

निवड झाली! सोळांत आलेय! आज हातपाय जमिनीवर ठरत नाहीत.

आता दुसरी बातमी, ओरडू नकोस. मी लाँड्री सोडली. स्पर्धा पाच ते सात जून, तीन दिवसांची रजा मागितली तर सुपरवायझरबाई म्हणाल्या, खेळायला रजा मिळत नाही, आजारी पडायला मिळते. मी म्हटलं, मग आजारीच पडते, मनगट दाखवलं. त्या म्हणाल्या, मनगट एवढं वाईट असेल तर तुला ठेवून घ्यायचं तरी कशाला? तिथेच लिहून दिलं. घडीवाली म्हणते, डोकं फिरलंय तुझं. फिरलं असेल. पण मामा, मागे नोकरी ठेवून गेले असते तर मीही बदलीचं बटण जवळ ठेवल्यासारखंच झालं असतं ना? तूच शिकवलंस ते.

एकच शंका उरलीय, रोज छळते. समज, मैदानात माझा धगड्या आहे आणि समोर डोहकासव आलंय. पाण्याचं, जाड पाठीचं, लवकर न मरणारं. माझ्याकडे मागे काटेवेल शिल्लक आहे. ती गवताची, पाण्याला ती भारी. पुस्तकी उत्तर सरळ आहे, धगड्याला मागे घ्यायचं, वेल पुढे करायची. तुझी चाल म्हणते, हलायचं नाही. अशा वेळी तू काय करशील? एका ओळीत लिहिलंस तरी चालेल, पण लवकर लिही. मी त्यावर डोळे मिटून विसंबणार आहे.

तुझी टिंगू

१८ मे

टिंगू,

मी बदललं नसतं.

जिंकून ये.

मामा

(पत्र लहान आहे. मार्कर सुकलाय.)

११ जून

मामा,

तुला तोंड कसं दाखवू कळत नाही, म्हणून लिहितेय.

नाही जमलं. चौथ्या जागेसाठीच्या लढतीत हरले. एवढं जवळ जाऊन तोंडघशी पडले.

समोर एक शाळेतल्या बाई होत्या. लढत सुरू होईपर्यंत त्या मुलांच्या वह्या तपासत होत्या, लाल पेनाने. पहिला डाव मी घेतला, भडक्यावर भडका. दुसरा त्यांनी घेतला. तिसऱ्या डावात माझ्याकडे दोन उरले, पुढे धगड्या, मागे काटेवेल. त्यांच्याकडेही दोनच, पुढे डोहकासव, मागे हिमघुबड. तुला विचारलं होतं ना, अगदी तीच वेळ. जणू माझं पत्र त्यांनीच वाचलं होतं.

माझं बोट बदलीच्या बटणावर गेलं होतं. मग तुझं वाक्य आठवलं. मी बोट उचललं आणि भडका दाबला.

त्यांनी पाऊस पाडला. पावसात आगीचा जोर निम्मा होतो. कासवाला नुसतं खरचटलं. मी पुन्हा भडका दाबला. त्या वेळी कासवाने काही करायची गरजच पडली नाही. धगड्यात उरलेला जीव त्याच्या स्वतःच्याच भडक्यात जळून गेला. मग काटेवेलीने कासवाला मारलं, पण मागून घुबड आलं. बर्फापुढे गवताचं काय चालणार? एका फटक्यात संपलं. धगड्या असता तर घुबड त्याच्यापुढे पळभर टिकलं नसतं.

चूक माझीच. मी ते बोट क्षणभर बदलीवर ठेवलं तिथेच मनात पाल चुकचुकली, आणि मग सगळंच बिघडलं. तुझी चाल मला पेलली नाही. चार लोकांत तुझं नाव घालवलं, मामा. स्पर्धेआधी सगळ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यात मी सांगितलं होतं, ही माझ्या मामाची चाल.

लाँड्रीत परत गेले होते. इस्त्रीवर माझ्या जागी दुसरी आलीय. तळघरात मळक्या चादरी वेगळ्या करायला घेतलंय, रोजंदारीवर. ओल्या चादरींचं ओझं इस्त्रीपेक्षा जड. डाव्या हाताने करते.

तू रागावलायस का? महिना होत आला, तुझं अक्षर नाही.

टिंगू

३० जून

चि. टिंगूस,

अक्षर तात्यांचं आहे, शब्द माझे. तुझी पत्रंही हल्ली तेच वाचून दाखवतात.

मला दिसत नाही, टिंगू. डोळे जायला लागून तीन वर्षं होत आली. आधी कडा गेल्या, मग मधलं. उजेड कळतो, लाल रंग कळतो, माणूस हलला की सावली कळते. म्हणून धगड्या. तो एकटाच मला पडद्यावर सापडायचा. तू लिहिलंस ना, चाळीस लढतींत एकदाही बदली नाही. बटण सापडलं असतं तर केली असती मी बदली. हवी तितक्यांदा केली असती.

आणि वरच्या चौकटीत भडका कुणी ठेवला माहीत आहे? तूच. तो गेम देताना सगळं लावून दिलं होतंस आणि म्हणाली होतीस, "मामा, गोंधळलास की वरचं दाब." मी सहा वर्षं तेच केलं. तू माझी म्हणून जी चाल वहीत उतरवलीस ती तुझीच होती गं.

कारखान्याच्या डॉक्टरकडे गेलो नाही, कारण डोळे तपासले की त्याच दिवशी भट्टीवरून काढतात आणि खोलीही जाते. तात्यांनी झाकून नेलं. वीस मेला तात्या तापाने घरी राहिले. साच्यावर नवीन माणूस होता, नुकतं लग्न झालेला. त्याला चिमटा वाजवायचं कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. मी अंदाजाने गोळा सोडला. तो त्याच्या हातावर पडला, कोपरापासून मनगटापर्यंत. जिवावरचं टळलं. बोटं मिटत नाहीत त्याची आता.

मग चौकशी, मोठं इस्पितळ. डॉक्टर म्हणाले, नुसता मोतीबिंदू असता तर काढला असता, आतला पडदाच भाजून निघालाय, दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. कामावरून काढलं. खोली सप्टेंबरपर्यंत आहे. पुढे तात्या म्हणतात त्यांच्याकडे चल. त्यांच्या सुनेचं तोंड मला दिसत नसलं तरी कळतं.

(इथे तो उठून दारापर्यंत जाऊन आला. मी चहा केला. आता पुन्हा सांगतोय. — तात्या)

आता खरं ते सांगतो. फेब्रुवारीत मी तुला थट्टेत का होईना खरं लिहिलं होतं. तू त्याचं भलतंच केलंस. ती तुझी चूक, चालेल. पण मग तू सरळ विचारलंस, बरोबर ना? नसेल तर सांग, वेळ आहे. आणि मी "बरोबर ओळखलंस" असं लिहिलं. ती चूक माझी. आयुष्यात मला कुणी हुशार म्हटलं नव्हतं, टिंगू. तू म्हणालीस. मला ते सोडवेना. तुझं ते पत्र मला भिंग लावूनही धड वाचता येत नव्हतं, तरी खिशातून काढून उगाच हात फिरवायचो.

अपघातानंतर तुझ्या स्पर्धेला सोळा दिवस होते. तात्या रोज विचारायचे, पोरीला लिहू का? मी म्हणायचो, उद्या. सोळा वेळा उद्या म्हणालो.

तू माझी माफी मागतेस, ते ऐकवेना. शिव्या दे. गेम तात्यांकरवी पोस्टाने पाठवतोय, माझ्या काही कामाचा नाही. जमलं तर मला क्षमा कर.

मामा

१२ जुलै

तात्यांना नमस्कार. हे पत्र मामाला वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे म्हणून आधीच सांगते.

मामा,

तीन दिवस मी तुझ्या नावाने काय काय बोलले ते लिहीत नाही. घडीवालीने ऐकलंय, तिला विचार. भिंतीवरचा कागद ओढून काढला, त्याच्याबरोबर भिंतीचा रंगही निघून आला. वॉर्डनबाई म्हणतात, भिंत रंगवून द्यावी लागेल.

त्या नव्या साचेवाल्याच्या बोटांचा विचार मनातून जात नाही. चादर उचलायला घेतली की आपोआप माझी बोटं मिटून बघते. त्याच्या बायकोला तू भेटायला गेलास का? जाऊन ये. तात्या, त्याला घेऊन जा.

मग राग उतरला. उतरला म्हणजे, ज्याच्यावर काढावा असं कुणी उरलं नाही. वही उघडली. तू म्हणतोस ते खरं आहे. ती मांडणी माझ्याच हातची होती. तू गोंधळू नयेस म्हणून लावून दिलेली, आणि मीच तिच्यापुढे हात जोडून बसले. आणि तू पहिल्याच पत्रात उन्हात बसून, भिंग लावून वाचलं असं लिहिलं होतंस. मी काय केलं? अक्षर मोठं काढलं आणि तुला चिडवलं. तुला डोळ्यांचं काय झालंय हे एकदाही विचारलं नाही. तुझ्या चाळीस लढती बघितल्या, तुला बघायला एकदा आले नाही.

आमच्या वसतिगृहात पुरुषांना फाटकाच्या आत घेत नाहीत. आजारी वडीलधारे असले तरी नाही, मी विचारून पाहिलं. वेगळी खोली घ्यावी एवढं रोजंदारीत होत नाही. एका हाताने काम करून तर मुळीच नाही. सप्टेंबरमध्ये मी काय करणार आहे, मला माहीत नाही. तात्यांच्या सुनेशी गोड बोल.

गेम पोचला. चालू केला. धगड्या तसाच पुढे उभा आहे. मी काही दाबलं नाही, बंद करून ट्रंकेत ठेवला.

आता जे लिहायला बसले ते. त्या तिसऱ्या डावाबद्दल मी तुला खोटं लिहिलं होतं. मी गोंधळले नव्हते, मनात पालही चुकचुकली नव्हती. त्या बाईंच्या सगळ्या लढती मी बघून गेले होते. पहिल्याच फेरीत त्या पाऊस पाडणार हे मला ठाऊक होतं. धगड्याचा जीव दोन भडक्यांना पुरणार नाही हेही ठाऊक होतं. वेल पुढे केली की दोन फेऱ्यांत कासव संपतं, मग धगड्या परत येतो, दगडांवर पाव जीव जातो, तरी घुबडाला पुरून उरतो. सगळं वहीत आधीच लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात. बोट बटणावर होतं. आणि मी ते उचललं, कारण तू बदललं नसतंस.

तू क्षमा मागतोस, ती मी देईन रे, त्यात काही नाही. पण मला कुणाकडे मागायची ते सांग. तुला दिसत नव्हतं, मामा. मला दिसत होतं.

टिंगू